चिमूटभर दुखणं

आपल्याच आकाशाखाली, पण कुठल्याही एसटीच्या पाटीवर ज्याचं नाव नाही अशा एका गावात शेवंती नावाची मुलगी राहायची. घर म्हणजे एकच खोली. खोलीत एक शेगडी, एक मोठी परात आणि शेवंतीची आई गिरजा. बाबा देवाघरी गेल्यापासून दोघींचा एवढाच संसार. पण संक्रांत जवळ आली की त्या एवढ्याशा खोलीत चांदणं तयार व्हायचं. खोटं नाही सांगत!

गिरजा संक्रांतीचा हलवा करायची. म्हणजे तुम्ही बशीत घेऊन चमच्याने खाता तो शिरा नव्हे हं. हा हलवा म्हणजे साखरेचे टपोरे दाणे. आधी परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद निखारे ठेवायचे, वरून पाकाचा एकच चमचा घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा एक चमचा. असं सारखं हलवत राहिलं की इवलासा तीळ गोरा होतो, गुटगुटीत होतो आणि मग त्याच्या अंगावर टोकदार, चिमुकले, पांढरेशुभ्र काटे फुटतात. गिरजाच्या हलव्याला काटा असा यायचा की लहान मुलं तो खाण्याआधी दोनदा उजेडात धरून बघायची. पांढरा, गुलाबी, केशरी, पोपटी! ती तो हलवा दोऱ्यात ओवून बाळांसाठी दागिने करायची. टिकलीएवढी फुलं जोडलेला मुकुट, बोटभर लांबीची बासरी, मनगटातले वाळे, कमरेचा पट्टा. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालून त्यावर हे दागिने चढवले की बाळ अगदी आकाशातून उतरल्यासारखं दिसायचं.

या वर्षी मात्र सगळंच बिनसलं. उकळता पाक गिरजाच्या उजव्या तळहातावर उडाला. हात असा भाजला की मूठ मिटेना आणि बोट हलेना. वैद्यांनी पट्टी बांधून दिली आणि म्हणाले, "जखम भरेल, पण हाताची आग किती दिवस राहील ते काही सांगता येत नाही." हलवा करणारीचा हातच गेला, तर उरलं काय?

त्यातून थंडीत धुकं आलं. आलं ते आलं, जायचं नावच घेईना. उंबऱ्याशी बसलेल्या हट्टी पाहुण्यासारखं ते दुपारपर्यंत गल्लीत मुक्काम ठोकून असायचं. लोकांनी आपापली कामं पेठेतल्या मिठाईच्या दुकानात दिली. गिरजाकडे एकच काम राहिलं. समोरच्या गल्लीतल्या बानूमावशीला खूप वर्षांनी बाळ झालं होतं आणि तिनं हट्टच धरला होता, "माझ्या बाळाला गिरजाच्याच हातचे दागिने हवेत."

त्या दिवशी गिरजानं शेवंतीला जवळ घेतलं. डाव्या हातानं तिचे केस सारखे केले.

"शेवू, एक सांगते, रडायचं नाही हं. हे काम झालं नाही तर मला शहरात जावं लागेल. तिथं कुणाच्या घरी मुलं सांभाळायचं काम मिळेल. तू आत्याकडे राहायचंस."

"किती दिवस?"

"तसं नाही गं सांगता येत."

"मग झोपताना मी पाय कुणाच्या अंगावर टाकायचा?"

गिरजानं शेवंतीचा हात हातात धरून ठेवला.

"मी करते हलवा," शेवंती म्हणाली. "तू नुसतं सांगत जा."

आता या घराण्याची एक रीत होती. हलव्याला काटा येत असताना दार लावून घ्यायचं, खिडकी लावायची, परक्या माणसाची नजर पडू द्यायची नाही. दृष्ट लागते आणि काटा रुसून बसतो, असं गिरजाची आजेसासू सांगायची. म्हणून शेवंतीनं दार लावलं, खिडकी लावली, दाराखालच्या फटीतसुद्धा पोतं कोंबलं. परात ठेवली. पाक घातला. हलवलं, हलवलं, खूप हलवलं. पाकाची वाफ निघे आणि खोलीतच घुटमळे. भिंतींना घाम फुटला. तिनं घाबरून एकाऐवजी दोन चमचे पाक घातला, मग तीन. संध्याकाळी परातीत बघते तर काय, सगळा हलवा गुळगुळीत! एकाही दाण्याला काटा नाही. नुसत्या साखरेच्या गोट्या.

"होतं असं," आई म्हणाली. पण तिचा आवाज कसनुसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीनं त्या गोट्या ओच्यात घेतल्या आणि ती गावाबाहेरच्या बोरीच्या बनात गेली. मुंग्यांनी तरी खाव्यात, साखर वाया कशाला घालवायची, एवढाच तिचा विचार. बनात धुकं दाटलं होतं. बोरीच्या फांद्यांवर लालचुटुक, पिवळीजर्द बोरं लोंबत होती आणि प्रत्येक बोराच्या टोकाला दवाचा एकेक थेंब चमकत होता. शेवंतीनं पानावर साखरगोट्या मांडल्या आणि मग, आई जवळ नव्हती म्हणून, ती पोटभर रडली.

"अगं, जरा पलीकडे तोंड करून रड ना," एक बारीक आवाज आला. "मी आधीच भिजलेय."

बोरीच्या एका पानावर एक परी बसली होती. केवढी? तुमच्या करंगळीएवढी! तिचा घेरदार झगा पिकल्या बोराच्या रंगाचा, वर पिवळा, खाली तांबूस. केसांत बोरीच्या फुलांची हिरवट-पिवळी वेणी, आणि वेणीत दोन मणी, काजव्यासारखे लुकलुकणारे. पंख मात्र धुक्यानं ओलेचिंब होऊन पाठीला चिकटले होते.

शेवंतीनं रडणं तिथंच सोडलं. आपल्यापेक्षा लहान कुणी अडचणीत दिसलं की तिला दुसरं काही सुचायचंच नाही. तिनं परीला अलगद तळहातावर घेतलं, परकराच्या कोरड्या टोकानं एकेक पंख टिपला आणि गरम गरम फुंकर घालत राहिली. हळूहळू पंख सुटे झाले, थरथरले, आणि त्यांच्यातून गुलाबी, निळे, सोनेरी कवडसे तिच्या नाकावर नाचायला लागले.

"हं, आता बरं वाटलं," परी म्हणाली. "मी बोरपरी. माझ्याकडे दोन इच्छा आहेत. त्या दिल्याशिवाय मला घरी जाता येत नाही, आणि भल्या माणसाशिवाय कुणाला द्यायच्या नसतात. त्या तुला दिल्या."

"तीन असतात ना?"

"तीन असतात त्या मोठ्या पऱ्यांकडे. मी काट्यातली परी, माझ्याकडे दोनच," परी फणकाऱ्यानं म्हणाली. मग हसली. "पण नियम ऐकून घे. मला नवं काहीच करता येत नाही. मी फक्त इकडचं तिकडं करते. तुला जे देईन ते कुठून तरी आणीन, आणि तिथं तेवढं कमी होईल. कुठून आणायचं ते तू सांगायचं. नाही सांगितलंस तर जवळ मिळेल तिथून उचलीन. आणि नको वाटलं तर परत करता येतं, पण ती इच्छा संपली ती संपली."

शेवंतीनं अर्धंच ऐकलं असणार. तुम्ही-आम्ही तरी असल्या वेळी पुरतं कुठं ऐकतो!

"ऊन हवं मला!" ती म्हणाली. "आमच्या घरावर, स्वच्छ, कोरडं, खूप खूप ऊन!"

परीच्या वेणीतला एक मणी पटकन विझला.

शेवंती धावत घरी आली तर काय! त्यांच्या कौलांवर सोनंच सांडलं होतं. अंगणातली तुळस लखलखत होती, भिंती कोरड्याठाक झाल्या होत्या. गिरजा दारात उभी राहून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. शेवंतीनं झटपट परात मांडली, तीळ घेतले, पाक घातला. दाणे टपटप सुटे होऊ लागले.

दुपार झाली आणि समोरच्या गल्लीतून बाळाचं रडणं ऐकू आलं. थांबेचना. शेवंतीनं डोकावून पाहिलं. त्यांचं अंगण सोडलं तर सगळीकडे अंधारून आलं होतं. धुक्यातून रोज दुपारी जे थोडंसं कोवळं ऊन गल्लीत उतरायचं, तेसुद्धा नव्हतं. बानूमावशी दोरीवरची दुपटी चाचपत होती.

"एक दुपटं वाळलं नाही गं," ती म्हणाली. "ओल्यात निजवू कसं याला? आज उन्हाला झालंय तरी काय?"

ज्या बाळासाठी दागिने करायचे, त्याच बाळाचं ऊन तिनं पळवलं होतं. शेवंती घरात आली, परातीकडे पाहिलं, आईच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून म्हणाली, "बोरपरी, ऊन परत कर. ज्याचं त्याला."

सोनं कौलांवरून घसरत गल्लीत गेलं. बाळ रडायचं थांबलं. आणि परातीतले दाणे पुन्हा ओलसर होऊन एकमेकांना चिकटले.

आता आईला सांगणं भाग होतं. शेवंतीनं सगळं सांगितलं, परी, मणी, ऊन, दुपटी. गिरजानं ते खरं मानलं की नाही कोण जाणे; पण ती म्हणाली, "परत केलंस ते बरं केलंस, शेवू." आणि तिनं लेकीच्या कपाळाचा पापा घेतला. त्या पाप्यानं शेवंतीला जरा धीर आला.

ती पुन्हा बनात गेली. परी एका बोराला पाठ टेकून बसली होती.

"आईच्या हाताचं दुखणं काढशील?"

"काढीन की. पण ते जाईल कुणाकडे?"

"माझ्याकडे दे."

परीचे डोळे दवासारखे चकाकले. "मग तुझी मूठ मिटणार नाही, आणि ते बघून तुझी आई हसेल असं वाटतं तुला?"

शेवंतीनं मान हलवली. नाहीच हसणार. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. कुठूनही काही आणा, तिथं कुणाचं तरी कमी पडणार. सगळ्यांकडे मोजकंच तर असतं! आणि मग तिच्या डोक्यात आलं, सगळ्यांकडे सगळंच मोजकं कसं असेल? काहीतरी जास्तही असेल की. अगदी नको नको झालेलं!

ती उठली आणि गावात शिरली. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन विचारू लागली, "तुमच्याकडे काय जास्त झालंय हो?"

शिंपीकाका म्हणाले, "चिंध्या!" शाळेतल्या बाई म्हणाल्या, "दंगा!" परटीणबाईंनी घरात घोरत पडलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हे घोरणं ने, चार घरांना पुरेल." शेवंती सगळ्यांना 'बरं बरं' म्हणत पुढं जात राहिली. एका टोकाला गणबातात्यांची चुरमुऱ्यांची भट्टी होती. गणबातात्या सकाळभर तापलेल्या वाळूत चुरमुरे, फुटाणे, लाह्या भाजायचे. आता भट्टी विझवून ते बाहेरच्या दगडावर बसले होते आणि एवढ्या थंडीत टॉवेलनं वारा घेत होते.

"तात्या, तुमच्याकडे काय जास्त झालंय?"

"उष्णता गं पोरी, उष्णता!" तात्या करवादले. "विस्तव विझला तरी ती वाळू संध्याकाळपर्यंत धगधगते. आत पाऊल ठेववत नाही. दुपारची जरा पाठ टेकीन म्हटलं तर पाठच भाजून निघते. ने कुणाला हवी तर. फुकट देतो, वर मूठभर फुटाणे देतो!"

शेवंतीनं आत डोकावलं. उबदार, कोरडी, खडखडीत खोली. कोपऱ्यात ठेवलेल्या लाह्या हात लावताच खुळखुळ वाजत होत्या. ओल औषधालाही नव्हती. सापडलं! ज्याला नको आहे त्याच्याकडून न्यायचं! ती बनाकडे पळत सुटली, पळता पळता मनात वाक्य जुळवत, 'गणबातात्यांच्या खोलीतली ऊब आमच्या खोलीत आण.' इतकं सोपं वाक्य! आणि अर्ध्या वाटेवर ती अचानक थांबली. स्वतःशीच हसायला लागली.

ऊब इकडं आणायला परी लागेल. पण परात तिकडं न्यायला परी कशाला हवी?

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. गिरजाचा चेहरा पडला.

"शेवू, तिथं दार लावून घेता येणार नाही. येणारंजाणारं माणूस बघणार. काटा येताना बघितलं तर दृष्ट लागते. आपल्या घरात असं कुणी कधी केलं नाही."

"आई, आपण दार लावलं, खिडकी लावली, फटसुद्धा बुजवली," शेवंती हळूच म्हणाली. "मग पाकाची वाफ गेली कुठं? आपल्याबरोबर आतच बसली. काटा दृष्टीनं नाही रुसला. त्याला गुदमरलं असेल."

गिरजानं भिंतीवरच्या ओलीकडे पाहिलं. आजेसासू वर्षानुवर्षं कोरड्या थंडीत हलवा करायची. तिच्या वेळी असलं धुकं नसेलच पडलं. शेवटी गिरजानं डाव्या हातानं परातीची एक कड धरली.

"दुसरी कड तू धर," ती म्हणाली. "जड आहे. पायावर पाडू नकोस."

गणबातात्यांनी भट्टीतल्या ऊनऊन वाळूवर परातीला जागा करून दिली. वाळूची आच अशी संथ, अशी सारखी की निखाऱ्यांनाही तशी जमत नाही. शेवंती हलवायला बसली. आई शेजारी.

"पाठलाग केल्यासारखं नको हलवू. बाळाला थोपटतेस ना, तसं. पाक सुकू दे. घाई नको. हं, आता एक चमचा. एकच!"

शेवंती थोपटत राहिली. वाफ निघे आणि उघड्या दारातून बाहेर पळे. चुरमुरे घ्यायला आलेल्या बायका थबकल्या. मुलं आत डोकावली. एवढे डोळे परातीवर खिळलेले पाहून गिरजानं आपले मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक चिमुरडी ओरडली, "अय्या! त्याला दात आले!"

दात नव्हते ते, काटे होते! पांढरे, कोवळे, चमचमणारे. एका दाण्याला आले, मग दुसऱ्याला, मग साऱ्या परातीत जणू चांदण्या उमलत गेल्या. गिरजानं डोळे उघडले. तिनं एक दाणा उचलून उजेडात धरला आणि लेकीच्या तोंडात घातला.

कुणी केशर घातलं पाकात, कुणी पालकाचा हिरवा रस आणून दिला, कुणी बिटाचा गुलाबी. शिंपीकाकांच्या जास्त झालेल्या चिंध्यांतून काळ्या मखमलीच्या पट्ट्या निघाल्या. त्यावर शेवंतीनं दाणे शिवले. मुकुट झाला, बासरी झाली, वाळे झाले. पण आता ते बानूमावशीकडे न्यायचे कसे? वाटेत धुकं तोंड वासून बसलेलं. काटे तिथंच विरघळले असते. शेवंतीनं इकडंतिकडं पाहिलं आणि टोपलीत तात्यांच्या खुळखुळत्या, गरम लाह्या पसरल्या. त्यात दागिने निजवले, वरून आणखी लाह्यांचं पांघरूण घातलं. धुक्याला जी ओल द्यायची ती त्यानं लाह्यांना द्यावी. बाळाच्या बोरन्हाणाला डोक्यावरून ओतायला चुरमुरे, बोरं आणि लाह्या लागतातच, म्हणून तिनं चुरमुऱ्यांच्या आणि बनातल्या बोरांच्या पुड्याही आत ठेवल्या.

बानूमावशीनं टोपली उघडली. लाह्यांमधून निघालेला मुकुट, काटान् काटा जागच्या जागी! बाळ पाटावर बसलं. अंगात काळं झबलं, डोक्यावर लखलखता मुकुट, हातात बासरी. ती त्यानं लगेच चाटायला घेतली. डोक्यावरून बोरांचा, लाह्यांचा, हलव्याचा पाऊस पडला आणि गल्लीतली सगळी मुलं वेचायला धावली. बायका गिरजाभोवती जमल्या.

"गिरजा, रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात. माझ्या नातवाला अशीच टोपली हवी."

"माझ्या भाचीला पण. अशीच सगळी, हलवा, बोरं, चुरमुरे एकत्र!"

"आम्ही डोळ्यांनी बघितलाय तुझा काटा. दुकानातला कोण घेतंय आता?"

गिरजा हसली. पण हसता हसता तिनं पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला, आणि ते शेवंतीनं पाहिलं. इतक्या टोपल्या! शेवंतीची बोटं आत्ताच दुखून आली होती. आईचा हात बरा झाला नाही तर या साऱ्यांना 'हो' म्हणणार कसं? आणि 'नाही' म्हटलं तर पुन्हा ते शहर आणि पुन्हा ती आत्या.

खिडकीच्या गजावर काहीतरी लुकलुकलं. बोरपरी येऊन बसली होती, वेणीत एकच मणी घेऊन.

शेवंतीनं तिच्याकडे पाहिलं. मग खोलीतल्या माणसांकडे पाहिलं. तिळगुळासाठी सगळ्यांनी हात पुढं केले होते. बायका, मुलं, दारात उभे गणबातात्या, शाळेतल्या बाई. प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर. आणि एकदम तिला उमगलं.

ती बाळाच्या रिकाम्या पाटावर उभी राहिली.

"माझ्या आईचा हात खूप दुखतो. मला ते दुखणं काढता येतं, पण ते कुणाला तरी द्यावं लागतं. एकट्याला खूप होईल. तुम्ही... तुम्ही सगळ्यांनी चिमूट चिमूट घ्याल का?"

गणबातात्यांनी आपला भाजून भाजून टणक झालेला पंजा पुढं केला.

"आण इकडं. मला दोन चिमटी दे."

"मलाही," बानूमावशी म्हणाली. "माझ्या बाळाच्या वाटचीसुद्धा मलाच."

"मला! मला!" मुलं उड्या मारायला लागली. त्यांना वाटलं, खाऊच आहे काहीतरी.

"अगं बायांनो, हे काय करताय!" गिरजा कासावीस होऊन उठली. "माझं दुखणं तुम्हाला कशाला?"

"बस गं गिरजा," परटीणबाई म्हणाल्या. "चिमूटभरच तर आहे."

शेवंतीनं खिडकीकडे पाहून मान डोलावली. शेवटचा मणी विझला. खोलीतल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकाच वेळी मुंगी चावल्यासारखं झालं. "आई गं!" "हाय!" "स्स!" सगळ्यांनी तळहात परकरावर, धोतरावर, एकमेकांच्या पाठीवर घासले आणि सगळे एकदम हसत सुटले. एवढंच! दुखणं संपलंसुद्धा.

गिरजा आपल्या हाताकडे बघत उभी होती. तिनं पट्टी सोडली. हळूच बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली. मग तिनं तोच हात शेवंतीच्या गालावर ठेवला आणि तिला रडूच कोसळलं.

खिडकीत बोरपरीचे पंख पूर्ण उघडले होते. आधी ती पिवळी झाली, मग गुलाबी, मग नुसत्या उजेडाची. "शेवंती," ती म्हणाली, "मोठ्या पऱ्या तीन इच्छा वाटत फिरतात, पण हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. आता घरी जाऊन सांगते त्यांना." आणि झळाळता उजेड खोलीभर पसरला, मुलांच्या डोळ्यांत, हलव्याच्या काट्याकाट्यात, आणि विरून गेला. बाहेर धुकंही उठून निघून गेलं होतं.

त्या रात्री गिरजा आणि शेवंती एका गोधडीत झोपल्या. शेवंतीनं पाय आईच्या अंगावर टाकला. आईनं उजव्या हातानं तिला थोपटलं, ती झोपेपर्यंत, आणि झोपल्यानंतरही कितीतरी वेळ.